धुराची वहिवाट

अप्पांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. सरकारी मोजणीदार होते ते. खांद्यावर साखळी, काखेत नकाशाची गुंडाळी, आणि मागून एकमेकांकडे न बघता चालणारे दोन सख्खे भाऊ, हे त्यांचं रोजचं काम. वीतभर जागेसाठी भावानं भावाचं डोकं फोडलेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि डोक्याला टाके पडल्यावर पुन्हा साखळी लावली तर ती वीत तिसऱ्याच माणसाची निघाल्याचंही पाहिलं होतं. म्हणून त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, की आपल्या मागं आपल्या पोरांना भांडायला एवढीशीसुद्धा फट ठेवायची नाही.

मृत्युपत्र लिहायला त्यांना अकरा महिने लागले. चाळीस पानं झाली. घराची पुढची बाजू थोरल्याला, मागची धाकट्याला. जिन्याच्या पायऱ्या एकवीस, म्हणजे दहा-दहा आणि मधली सामाईक. स्वयंपाकघर मात्र एकच होतं, तेव्हा अप्पांनी स्वतः गुडघ्यांवर बसून फरशीवर लाल ऑइलपेंटची रेघ ओढली. ती खिडकीखालून निघायची, जेवणाच्या टेबलाच्या पायांमधून जायची आणि फ्रीजच्या पोटाखाली शिरून भिंतीला टेकायची. रेघ वाळेपर्यंत त्यांनी कुणाला स्वयंपाकघरात पाय टाकू दिला नाही. त्या दिवशी सगळे उपाशी राहिले, पण वाटणी सरळ झाली.

मुलं तीन. थोरला दादा कोर्टात टायपिस्ट होता. निवृत्त झाला तरी त्याच्या तोंडातलं ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ काही निवृत्त झालं नव्हतं. धाकटा घरामागच्या शेडमध्ये वेल्डिंग करायचा. गावातली निम्मी फाटकं आणि लोखंडी दारं त्याच्या हातची. बोलायचा कमी, फुगायचा लवकर. आणि मधली ताई. दादापेक्षा ती लहान, पण दादासकट सगळे तिला ताईच म्हणत. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. नजर अशी, की गिऱ्हाईक पायरी चढताना कसं चढतं यावरून त्याचा नंबर सांगे. तिचं सासर तीन गल्ल्या पलीकडे.

मृत्युपत्र वाचायच्या दिवशी ताई आपली पाहुण्यासारखी आली आणि स्टूल ओढून बरोब्बर लाल रेघेवर बसली. तेवढीच जागा कुणाची नव्हती.

वाचायला दादाच. तो स्वल्पविरामालासुद्धा थांबायचा. दोन तास गेले. चमचे झाले, घागरी झाल्या, कपडे वाळत घालायची दोरी तिच्या मधल्या गाठीपासून वाटून झाली. चाळिसाव्या पानावर मात्र दादा अडखळला.

“‘फ्रीज, एक नग, चालू स्थितीत. वरचा बर्फाचा कप्पा थोरल्या मुलास. त्याखालील संपूर्ण जागा, भाजीच्या खणासह, धाकट्या मुलास. आणि दार...’” दादानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “‘आणि दार कन्येस.’”

“कुठलं दार?” ताईनं विचारलं.

“फ्रीजचं.”

“नुसतं?”

“बिजागऱ्यांसह,” दादा म्हणाला. “तसं स्पष्ट लिहिलंय.”

चाळीस पानांत ताईचा उल्लेख तेवढाच. बापानं आपल्याला माहेरचं दार दिलं म्हणायचं, की दार दाखवलं म्हणायचं, हे तिला उमगेना. तेवढ्यात वहिनी, म्हणजे दादाची बायको, चांगल्या मनानं बोलून गेली, “असू दे हो ताई, आठवण म्हणून बरंय.” झालं. ताईच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं पर्समधून चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर काढला. तो दात कोरायच्या काडीएवढा, आणि बिजागरीचे नट अंगठ्याएवढे. ती दोन मिनिटं झटली. मग धाकट्यानं आपला पाना पुढं केला.

पुढं तो म्हणायचा, “मला वाटलं, रागात आहे, दोन आटे फिरवेल आणि थांबेल.” ताई थांबली नाही.

भर दुपारी ताई आणि तिचा नवरा दार घेऊन निघाले. ताईचा नवरा पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होता. आयुष्यात त्यानं इतकी चमत्कारिक पार्सलं पाहिली होती, की नवल वाटायचं त्याचं कधीच बंद झालं होतं. “जरा जड आहे,” एवढंच तो म्हणाला. रस्त्यात इस्त्रीवाल्यानं विचारलं, “ताई, हे काय?”

“माहेरी गेले होते,” ताई म्हणाली. “रिकाम्या हाती कशी येऊ?”

दार त्यांच्या घरात बोळाच्या भिंतीला टेकून उभं राहिलं. चार दिवसांनी नवऱ्यानं अंड्यांच्या बारा खळग्यांत मोज्यांच्या बारा जोड्या गोळे करून बसवल्या, बाटल्यांच्या कठड्यात छत्री उभी केली, आणि दार संसाराला लागलं.

इकडे फ्रीज उघडा पडला. शहाण्या माणसानं तो बंद केला असता. पण दादा म्हणाला, “मृत्युपत्रात ‘चालू स्थितीत’ असं आहे. बंद करणारा मी कोण?” फ्रीज बिचारा सगळं घर गार करायला निघाला. रात्रंदिवस घरघरत राहिला. वहिनी स्वेटर घालून स्वयंपाक करायची. एकोणिसाव्या दिवशी कॉम्प्रेसरनं म्हाताऱ्यासारखा खोकला काढला आणि मान टाकली.

त्यावरून भावाभावांत जुंपली. दादाचं म्हणणं, दाराचा उपयोग खालच्या जागेला जास्त, तेव्हा ताईकडे दार मागायला धाकट्यानं जायला हवं होतं. धाकट्याचं म्हणणं, थोरला कोण? मग थोरल्यानं जायला नको? दोघांचं बोलणं बंद झालं. गेलं कुणीच नाही. मेलेला फ्रीज रेघेवर उभाच राहिला. दादा वरच्या कप्प्यात जुने कागद ठेवू लागला, धाकटा खाली पाने आणि पक्कडी.

ताईही वाट बघत होती. कुणीतरी दार मागायला येईल, आपण आधी नाही म्हणू, मग थोडं रडू, मग देऊ, असं तिनं मनाशी पुरतं बसवून ठेवलं होतं. दीड वर्ष झालं, तरी बोळात पावलं वाजली नाहीत.

आणि एका दुपारी धाकटा आला. चहा घेतला नाही. बोळात उभं राहून दाराकडे बघत राहिला.

“काय झालंय?” ताईनं विचारलं. “आजारी आहेस का?”

“ताई,” तो म्हणाला, “मी तळ्याकाठच्या एका बंगल्याचं फाटक बसवायला गेलो होतो. तिथल्या राखणदारानं मला जेवू घातलं. मटण. पण शिजवलेलं नाही, भाजलेलं नाही. धुरावर ठेवलेलं. आठ तास. लोखंडी कपाटात टांगून.” तो दाराच्या पत्र्यावरून हात फिरवू लागला. “ताई, मी तीन दिवस झाले नीट झोपलो नाही.”

“पोट बिघडलं?”

“पोट नाही. मन.”

एवढं सलग बोलताना ताईनं त्याला शाळा सुटल्यापासून ऐकलं नव्हतं. राखणदारानं त्याला सांगितलं होतं, की असल्या कामाला कपाटापेक्षाही जुना फ्रीज भारी. जाड पत्रा, आत चिनीमातीसारखा पांढरा मुलामा, धूर कुठूनही फुटत नाही. खाली भाजीच्या खणाच्या जागी विस्तवाचा तवा ठेवायचा, वर आकडे लावायचे, डोक्यावर धुराडं काढायचं. स्मोकर म्हणतात त्याला.

“खालची जागा माझी आहे,” धाकटा म्हणाला. “वरची दादाची. आणि दाराशिवाय धूर राहत नाही.”

म्हणजे अखेर कुणीतरी दार मागायला आलं होतं. ताईनं ठरवल्याप्रमाणे नाही म्हणायला तोंड उघडलं. पण धाकट्याचा चेहरा असा झाला होता, की बसवलेलं सगळं ती विसरली. “दार देणार नाही,” ती म्हणाली. “घेऊन येईन. मीच लावणार, मीच उघडणार, आणि संध्याकाळी माझं दार माझ्या घरी.”

“चालेल.”

“माझे मोजे?” आतून नवऱ्यानं विचारलं.

राहता राहिला दादा. धाकटा त्याच्याशी बोलत नव्हता, म्हणून ताई गेली. दादानं सगळं ऐकलं आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच टाइपरायटरवरचं कापड काढलं. तो इतका खूश झाला होता, की हसू लपवायला त्याला दोनदा खोकावं लागलं. तीन प्रतींत करार करायचा, तो म्हणाला. ‘स्मोकर’ हा शब्द त्याला पटेना. त्यानं ‘धूम्रकपाट’ असा टाइप केला.

“कलम तीन,” तो वाचू लागला. “‘खालच्या जागेत निर्माण होणाऱ्या धुरास वरच्या कप्प्यातून जाण्या-येण्याची वहिवाट राहील.’”

“धूर येतो कुठं, दादा? जातोच नुसता.”

दादानं विचार केला आणि ‘येण्याची’वर फुल्या मारल्या.

“कलम पाच. ‘वरच्या कप्प्याची पत्र्याची पेटी काढण्यात येईल, परंतु जागेचा हक्क अबाधित राहील. टांगलेल्या मांसापैकी जेवढे वरच्या हद्दीत असेल तेवढे थोरल्याचे, त्याखाली लोंबेल तेवढे धाकट्याचे.’”

“म्हणजे तंगडी टांगली, तर मटण तुझं आणि नळी त्याची?”

“हद्द म्हणजे हद्द.”

“आणि त्यानं उलटी टांगली तर?”

दादाची बोटं थांबली. “उपकलम घालावं लागेल,” तो म्हणाला.

“मला काय मिळणार?”

“तुझं दार.” दादा थोडा ओशाळला. मग उदारपणे त्यानं कलम सात घातलं: ‘दारास जे काही चिकटलेले असेल, ते कन्येचे.’

तिघांनी सह्या केल्या. धाकट्यानं वाचलंसुद्धा नाही. त्याला फक्त आकडे कुठं लावायचे ते हवं होतं. त्यानं आठवडाभर फ्रीजला सोलून काढलं. प्लॅस्टिकचा तुकडा, वायरीचं टोक, रबराची पट्टी, काही ठेवलं नाही. सगळं धुरात विष होतं म्हणाला. आतला मुलामा सोड्यानं घासून आरशासारखा केला. डोक्याला भोक पाडून धुराडं खिडकीबाहेर नेलं. दादानं आपली हद्द आतल्या बाजूला लाल रंगानं आखून घेतली.

मग ताईनं आणलेल्या दाराची पाळी आली, आणि तिथं घोडं अडलं. दाराच्या आतली बाजू, अंड्यांच्या खळग्यांसकट, सगळी प्लॅस्टिकची. ती काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ताई दाराला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, “याला कुणी हात लावायचा नाही.”

“ताई, वितळेल गं ते.”

“वितळू दे.”

दोघं भाऊ बुचकळ्यात पडले. ताईचा नवरा भिंतीशी पिशवीभर मोजे घेऊन उभा होता. तोच शेवटी म्हणाला, “तिला वाटतं, आत काहीतरी आहे.”

दोघांनी वळून दाराकडे पाहिलं.

“म्हणजे मलाही वाटतं,” नवरा म्हणाला. “अप्पांसारखा माणूस, ज्यानं दोरीची गाठ मोजली, तो मुलीला उगाच दार देईल? पत्र असेल. पत्रा आणि प्लॅस्टिकच्या मधे ठेवलं असेल. पोस्टात मी याहून विचित्र जागी पत्रं पाहिलीत.”

ताईची मान खाली गेली. दीड वर्ष ती रोज त्या दारापाशी उभी राहिली होती. चार स्क्रू काढायचे, एवढंच. पण आत पत्र नसलं तर काय, या भीतीनं तिनं हात लावला नव्हता. बंद होतं तोवर आत काहीही असू शकत होतं.

दादानं घसा साफ केला. “तुझ्या समक्ष उघडू,” तो म्हणाला, आणि कोर्टात उभा राहायचा तसा हात मागं बांधून उभा राहिला. वहिनीनं गॅस बंद केला. धाकट्यानं एकेक स्क्रू काढून ताईच्या तळहातावर ठेवला. प्लॅस्टिकचं पान कुरकुरत सुटलं. आत पिवळा काचेचा कापूस ठासून भरला होता.

पहिला हात ताईनं घातला. मग धाकट्यानं. मग दादाही आपलं कोर्ट सोडून बाह्या सरसावून कोपरापर्यंत आत शिरला. तिघांनी मूठमूठ कापूस उपसला, पिंजला, पुन्हा चाचपला. ताईची नजर बारीक, तिला तळाशी काहीतरी काळं दिसलं. तिनं ते चिमटीत धरून उजेडात नेलं. झुरळ होतं. बऱ्याच वर्षांपूर्वीचं, वाळून कागदासारखं झालेलं.

“पत्र नाही,” ती म्हणाली.

“नाही,” दादा म्हणाला.

धाकटा अजून कोपरे चाचपत होता. “थांब, इथं खाली अजून...” असं तो तीनदा म्हणाला. मग त्यानंही हात बाहेर काढला. ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला तिनं हात वर नेला तर वहिनी किंचाळली, “डोळ्याला लावू नका! काच आहे ती!”

खाज सुटली ती तेव्हा. काचेचा कापूस उघड्या हातांनी उपसल्यावर दुसरं काय होणार? पहिल्यांदा मनगटं, मग दंड, मग मान. दादा तर सदऱ्याच्या आतून पेटल्यासारखा झाला. कोर्टात छत्तीस वर्षं ज्यानं वरचं बटण सोडलं नव्हतं, तो माणूस दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहिला. धाकटा फरशीवर लोळला, रेघेच्या इकडे आणि तिकडे. “दादा, इथं, खांद्याच्या खाली,” तो ओरडला, आणि दादानं लाकडी फूटपट्टीनं त्याची पाठ खाजवून दिली. दीड वर्षानंतर धाकट्यानं दादाला मारलेली ही पहिली हाक. ताई रडत होती, खाजवत होती, आणि मधेच हसतही होती. वहिनीनं बादल्याच्या बादल्या गार पाणी ओतलं. तीन दिवस तिघांच्या अंगावर चट्टे होते. दुकानात गिऱ्हाइकानं ताईला विचारलं, “काय झालं हो?” ती म्हणाली, “वडिलोपार्जित आहे.”

रविवारी धूर केला.

खाटकाकडून निवडून आणलेली तंगडी दोन दिवस मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली होती. धाकट्यानं फळझाडाचं वाळकं लाकूड कुठूनतरी पैदा केलं होतं. सकाळी आठला ताई आणि तिचा नवरा दार घेऊन आले. बिजागऱ्या बसल्या. तंगडी वरून टांगली. तव्यातल्या निखाऱ्यांवर लाकडाच्या ढलप्या पडल्या, निळसर धूर उठला, वहिवाटीनं वर गेला, आणि ताईनं दार लावलं.

तासाभरात धाकट्याचा धीर सुटला. “ताई, जरा उघड. बघू दे.”

“नाही.”

“एक फट.”

“दार माझं आहे.”

दुपारी तो गयावया करू लागला. ताई दारासमोर स्टूल टाकून बसली होती, ढिम्म हलली नाही. तिला त्या स्टुलावर न्यायाधीशासारखं बसण्याची मजा वाटू लागली होती. इतक्या वर्षांत त्या घरात तिच्या परवानगीवाचून काही अडल्याचं तिला आठवत नव्हतं. वहिनीनं तिला तिथंच बसल्या जागी ताट दिलं. धाकटा पत्र्याला कान लावून आत काय चाललंय ते ऐकत बसला. दादानं दर अर्ध्या तासाला धुराचा रंग कागदावर टाइप करून ठेवला: ‘निळसर’, ‘निळसर’, ‘करडा, तथापि समाधानकारक’.

चार वाजता ताईनं दार उघडलं.

वास आला तसे सगळे पुढं सरकले. ताईच्या नवऱ्यालासुद्धा नवल वाटलं. तो म्हणाला, “अरेच्चा,” आणि ताईनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. तंगडी तांब्याच्या रंगाची झाली होती, पाक लावल्यासारखी चकाकत होती. पण आठ तासांत ती आकसली होती. चांगली चार बोटं वर चढली होती.

दादानं सवयीनं फूटपट्टी लावली. एकदा लावली, दोनदा लावली. मग त्याचा चेहरा पडला.

“काय झालं?” ताईनं विचारलं.

“सगळी वर आहे,” दादा हळू म्हणाला. “सबंध तंगडी माझ्या हद्दीत आहे. नळीसुद्धा.”

आयुष्यभर दादानं दुसऱ्यांनी जिंकलेले दावे टाइप केले होते. स्वतः जिंकल्यावर काय करायचं असतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. धाकट्यानं लाल रेघेकडे पाहिलं, तंगडीकडे पाहिलं, पंच्याला हात पुसले. “घे,” तो म्हणाला. “सही केलीय मी.” आणि मागच्या दाराकडे वळला.

“थांब,” दादा म्हणाला. “मोजणी दार लावून करायची असते.”

“असं कुठं लिहिलंय?” ताईनं विचारलं.

“ताई, दार लाव म्हणतो ना.”

ताईनं दार लावलं.

“असं नाही. जोरात.”

ताईनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग तिनं दार उघडलं, आणि दीड वर्षाचा सगळा राग हातात घेऊन असं आपटलं, की धुराडं खिडकीतून सुटून अंगणात पडलं. फ्रीज हादरला. आत आकड्याला झोका बसला, तंगडी धप्पकन दाराच्या पत्र्यावर आदळली. ताईनं हळूच दार ओढलं. तंगडी तिच्या पाकासकट दाराला चिकटून, आकडा ताणत, बाहेर आली.

दादा वाकला. चष्मा कपाळावर चढवून त्यानं चिकटलेली जागा तपासली.

“कलम सात,” तो म्हणाला, आणि फूटपट्टी खिशात ठेवली.

अशा रीतीनं सगळी तंगडी ताईची झाली. तिनं ती टेबलावर घेतली, सुरी मागितली, आणि कुणाच्या ताटात किती पडतंय ते न बघता कापत गेली. पहिला तुकडा धाकट्याला दिला. तो डोळे मिटून चावत राहिला. “राखणदारासारखं झालं का रे?” वहिनीनं विचारलं. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. “त्याचं बरं होतं,” तो म्हणाला. “हे...” पुढं त्याला शब्द सापडला नाही, आणि सापडेपर्यंत दुसरा तुकडा संपला.

तेव्हापासून दर रविवारी ताई दार घेऊन माहेरी जाऊ लागली. सकाळी मोजे काढायचे, दार उचलायचं, तीन गल्ल्या चालायच्या. संध्याकाळी धुरकटलेलं दार परत. लोकांना सवय झाली. इस्त्रीवाला नुसतंच विचारायचा, “आज काय, कोंबडी की मासे?” आतली प्लॅस्टिकची बाजू नवऱ्यानं वेगळी जपली होती, रविवारी रात्री तो ती पुन्हा दाराला अडकवायचा आणि मोजे जागच्या जागी लावायचा. त्याच्या मोज्यांना कायमचा धुराचा वास लागला. पार्सलच्या खिडकीवर लोकांना भूक लागू लागली.

एका रविवारी दार नेता नेता नवऱ्यानं विचारलं, “एक विचारू? तो दारंच करतो ना?”

“कोण?”

“तुझा भाऊ. लोखंडी दारं. मोठ्या बंगल्याचं फाटक करतो. हे एवढंसं दार त्याला अर्ध्या तासाचं काम.”

ताई रस्त्याच्या मधोमध थांबली. गावात सगळ्यात बारीक नजर तिची, आणि हे तिला इतके महिने दिसलं नव्हतं. माहेरी पोचल्यावर बिजागऱ्या बसवताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय रे, तू याला दुसरं दार का नाही करत?”

धाकटा ढलप्या फोडत होता. त्यानं मान वर केली नाही. “केलं असतं,” तो म्हणाला. “माप जमत नाही.”

“तुला माप जमत नाही?”

“जुने फ्रीज असलेच असतात. वाकडे.”

“आणि करारात,” दादा टाइपरायटरमागून म्हणाला, “दुसऱ्या दाराची तरतूद नाही.”

ताईनं नट आवळले.

हिवाळ्यात तिचा गुडघा धरला. डॉक्टर म्हणाला, ओझं उचलायचं नाही, दीड महिना जिना नाही. ताईनं निरोप पाठवला, दार घेऊन जा, मी काही येत नाही. शनिवारी दिवसभर ती उगाच नवऱ्यावर खेकसत होती. रविवारी पावणेआठला बोळात लोखंडी चाकांचा खडखडाट झाला. धाकट्यानं शेडमधल्या कांबी ओढायची हातगाडी आणली होती आणि तिच्यावर गोधडी घातली होती. दादा मफलर गुंडाळून मागं उभा होता, हातात कागद.

“दार तिथं ठेवलंय,” ताई कॉटवरून म्हणाली. “न्या.”

“नुसतं दार नेऊन काय करू?” धाकटा वैतागला. “उघडणार कोण?”

“पुरवणी करार आणलाय,” दादा म्हणाला. “‘दार व दाराची मालकीण यांची ने-आण भावांकडे राहील.’ इथं सही कर. मफलर घे, बाहेर वारं आहे.”

त्यांनी दार गाडीवर आडवं टाकलं, त्यावर गोधडी, आणि गोधडीवर ताईला बसवलं. धाकटा पुढून ओढत होता, दादा मागून ढकलत होता, बाजूनं नवरा मोज्यांची पिशवी घेऊन चालला होता. चढावर दोघं धापा टाकू लागले. “उतरू का मी?” ताईनं विचारलं. “गप्प बस,” दोघं एकदम म्हणाले, आणि लगेच चढावर जास्त जोर कोण लावतंय यावरून त्यांची जुंपली.

त्या दिवशी मासे होते. दोघांनीही, एकमेकांना न विचारता, पाण्यात मीठ घातलं होतं. मासे इतके खारट झाले, की जिभेला फोड आले. तरी सगळे संपवले. मग वहिनीनं माठ टेबलावरच आणून ठेवला, आणि संध्याकाळ होईपर्यंत पाचही जण पाणी पीत आणि एकमेकांना दोष देत बसले.